वकिलांची प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी: रकमेआधी तारीख पाहावी

फोर्टमध्ये माझी वकिली आहे आणि कामाचा मोठा भाग बँकांसाठी व घर घेणाऱ्यांसाठी टायटल सर्च, म्हणजे मालमत्तेच्या मालकीची व तिच्यावरील बोजाची तपासणी, करण्याचा आहे. २०१६ पासून मी प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे व्यावसायिक कामातील चुकीमुळे येणाऱ्या भरपाईच्या मागणीसाठीचा विमा, घेत आले आहे. आपल्याकडे ती वकिलांना सक्तीची नाही, आणि १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही असा निर्णय दिल्यावर तर अनेक सहकाऱ्यांनी तिची गरजच संपली असे धरले. मला ते पटत नाही. ग्राहक आयोगात तक्रार करता येत नसली, तरी १९२६ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स (फीज) अॅक्टच्या कलम ५ मुळे, कामातील निष्काळजीपणाने नुकसान झालेला अशील वकिलावर दिवाणी दावा लावू शकतो.

ही पॉलिसी ‘क्लेम्स मेड’ प्रकारची असते. चूक कोणत्या वर्षी झाली यापेक्षा मागणी कोणत्या वर्षी आली हे तिथे महत्त्वाचे ठरते, मात्र चूक पॉलिसीत लिहिलेल्या रेट्रोअॅक्टिव्ह डेटनंतरची असावी लागते. २०२१ मध्ये हप्ता कमी लागतो म्हणून मी कंपनी बदलली, तेव्हा नव्या शेड्यूलमध्ये (पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर) ही तारीख २०२१ चीच छापून आली होती. एजंट म्हणाले, “मॅडम, कव्हर तेच आहे, रक्कमही तीच आहे.” मी जुन्या सगळ्या पॉलिसींच्या प्रती जोडून तारीख २०१६ ची करून घेतली; त्यासाठी तीन आठवडे आणि बरीच पत्रे लागली.

२०२४ मध्ये एका बँकेची नोटीस आली. लालबागच्या एका फ्लॅटचा २०१९ मधला माझा सर्च रिपोर्ट स्वच्छ होता, पण मूळ दस्त दुसऱ्या बँकेत ठेवून केलेल्या गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची लेखी सूचना) निबंधक कार्यालयात दाखल झालेली होती आणि ती माझ्या नजरेतून सुटली होती. शेड्यूलवर २०२१ ची तारीख तशीच राहिली असती, तर या मागणीला विम्याचा आधारच उरला नसता. त्या रात्री मी उत्तराचा मसुदा केला आणि त्यात “नोंद पाहण्यात माझी चूक झाली” असे प्रामाणिकपणे लिहिले. सकाळी पॉलिसी पुन्हा वाचली, तेव्हा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करू नये आणि वकीलही नेमू नये, ही अट दिसली. मसुदा बाजूला ठेवून मी आधी कंपनीला कळवले. संमती मिळायला अकरा दिवस गेले आणि ते दिवस फार जड गेले, पण पुढे कंपनीने एक्सेस (आपण स्वतः सोसायचा ठरलेला हिस्सा) वजा करून बचावाचा खर्च दिला. कर्जदाराने दोन्ही कर्जे फेडल्यावर बँकेने मागणी मागे घेतली.

रकमेबाबत मात्र माझी नाराजी आहे. माझी मर्यादा ५० लाखांची असली, तरी एओए:एओवाय (एका घटनेची मर्यादा : पूर्ण वर्षाची मर्यादा) प्रमाण १:२ असल्याने एका मागणीसाठी प्रत्यक्षात २५ लाखच मिळतात. हप्ता कमी दिसावा म्हणून हे प्रमाण सुचवले जाते, हे मला फार उशिरा उमगले. बचावाचा खर्चही याच रकमेतून जातो. मुंबईतल्या फ्लॅटच्या किमती पाहता टायटलचे काम करणाऱ्याने १:१ प्रमाण घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो हिशेबात धरावा. जाणूनबुजून केलेले कृत्य, दंड आणि गुन्हेगारी स्वरूपाची वर्तणूक यांना माझ्या पॉलिसीत संरक्षण नाही, आणि ते योग्यच आहे. गहाळ झालेल्या कागदपत्रांसाठी वेगळे वाढीव कव्हर घ्यावे लागते. अशिलांचे मूळ दस्त कपाटात ठेवणाऱ्यांनी ते टाळू नये.

मोठी उणीव निवृत्तीनंतरची आहे. पॉलिसी थांबली की जुन्या कामावर नंतर येणाऱ्या मागण्या उघड्या पडतात. इंग्लंडमध्ये सॉलिसिटरची फर्म बंद झाली तरी विम्याचे संरक्षण सहा वर्षे चालू राहण्याचा नियम आहे. आपल्याकडे असे बंधन नसल्याने वयस्कर वकिलांना दरवर्षी हप्ता भरत राहणे भाग पडते. वकिलीची सनद कायम ठेवून काम थांबवल्यास किती काळाचे संरक्षण देणार, असे मी कंपनीला या नूतनीकरणाच्या वेळी लेखी विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही.