लेखी, प्रात्यक्षिक, कोडी की प्रकल्प: कोणत्या इयत्तेला संगणकाचं कोणतं मूल्यमापन?

'फाइल म्हणजे काय?' या प्रश्नाचं उत्तर तोंडपाठ असलेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्याच मुलांना मागच्या आठवड्यात सेव्ह केलेली फाइल उघडायला सांगितली की बरीचशी गोंधळतात. कुठे ठेवली, कोणत्या नावानं ठेवली, काही आठवत नाही, आणि ती शोधायची कशी हे कुणी त्यांना विचारलेलंच नसतं. म्हणून शाळेत संगणकाचं मूल्यमापन नव्यानं बसवायला निघालेल्या शिक्षकांना मी आधी एकच विचारतो: निकाल हातात आल्यावर त्याचं काय करणार? गुणपत्रकातला रकाना भरायचाय, पुढच्या सहामाहीत काय शिकवायचं ते ठरवायचंय, की पहिलीपासून दहावीपर्यंत मूल कसं पुढे सरकतंय ते बघायचंय? या तीन कामांना एकच साधन पुरत नाही.

लेखी आणि प्रात्यक्षिक

लेखी परीक्षा सोयीची आहे, हे मान्यच करायला हवं. तासाभरात अख्खा वर्ग होतो, यंत्रं कमी असली तरी अडत नाही, आणि पर्यायी प्रश्न असतील तर कुणीही तपासलं तरी गुण सारखेच पडतात. पण तिच्यात बहुतेक वेळा मोजलं जातं ते पाठांतर. दुसरी-तिसरीत तर आणखी घोळ होतो. तिथे मूल अडतं ते संगणकात नाही, प्रश्न वाचण्यात. वाचन आणि संगणक यांची अशी सरमिसळ झालेला निकाल कुणाच्याच उपयोगाचा नसतो.

लेखी परीक्षा खरी कामाला येते ती वरच्या वर्गांत, तीही एका ठरावीक प्रकारच्या प्रश्नासाठी. पाच ओळींचा प्रोग्राम कागदावर द्यायचा आणि विचारायचं, 'हा चालवल्यावर शेवटी पडद्यावर काय दिसेल?' किंवा त्यात एक चूक पेरायची आणि ती शोधायला सांगायची. व्याख्या पाठ करून हा प्रश्न सुटत नाही, आणि संगणकासमोर बसून नुसती खटपट करत उत्तर गाठण्याची सोयही कागदावर नसते.

बाकी सगळीकडे माझा कौल प्रात्यक्षिकाला. मात्र प्रात्यक्षिक घेऊन फक्त शेवटचं पान तपासलं तर निम्मा फायदा वाया जातो. एकीनं शीर्षक मधोमध आणायला बटण वापरलं, दुसरीनं स्पेसबार वीस वेळा दाबला. छापलेल्या कागदावर दोन्ही शीर्षकं सारखीच दिसतात. स्प्रेडशीटमध्ये कुणी बेरजेचा फॉर्म्युला लिहितो, कुणी बाजूला बेरीज करून आकडा टाइप करतो. उत्तर दोघांचंही बरोबर. यासाठी मी काम पूर्ण झाल्यावर एक छोटा बदल सांगतो: 'शीर्षक मोठ्या अक्षरात कर', 'तिसऱ्या ओळीतल्या 40 च्या जागी 65 लिही'. स्पेस मोजून ठेवलेलं शीर्षक लगेच एका बाजूला सरकतं. टाइप केलेली बेरीज आहे तिथेच थांबते. अर्ध्या मिनिटात कळतं कुणाला काय येतं, आणि त्या मुलालाही तेव्हाच कळतं, हे मला गुणांपेक्षा मोलाचं वाटतं.

प्रात्यक्षिक कसं बांधावं यासाठी संगणक आणि माहिती हाताळण्याचं कौशल्य तपासणाऱ्या आयसीआयएलएस या आंतरराष्ट्रीय चाचणीकडे बघण्यासारखं आहे. आयईए ही शैक्षणिक मूल्यमापन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आठवीच्या मुलांसाठी ती घेते. 2013, 2018 आणि 2023 मध्ये ती झाली. मुलं संगणकावरच बसतात आणि 30 मिनिटांचे दोन भाग सोडवतात. प्रत्येक भाग एका प्रसंगाभोवती गुंफलेला असतो: आधी छोटी छोटी कामं, मग त्यांच्यावर उभं राहिलेलं एक मोठं काम, म्हणजे पोस्टर किंवा सादरीकरण यांसारखं काहीतरी. सुटे सुटे प्रश्न विचारण्यापेक्षा ही गुंफण मुलांना समजते, कारण प्रत्येक कृती कशासाठी करायची ते त्यांना दिसत असतं. 2018 च्या निकालात 18 टक्के मुलं सर्वांत खालच्या पातळीपर्यंतही पोचली नव्हती, आणि सर्वांत वरच्या, चौथ्या पातळीवर अवघी 2 टक्के होती. मोबाइल हातात घेऊन वाढलेली मुलं संगणक आपोआप शिकतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे दोन आकडे जरूर डोळ्यांसमोर ठेवावेत.

मुलांनाच विचारलं तर?

'तुला स्प्रेडशीट किती येतं? खूप, थोडं, अजिबात नाही' अशी प्रश्नावली दहा मिनिटांत भरून होते, म्हणून अनेकांना तिचा मोह पडतो. गुण द्यायला ती वापरू नये. ती आत्मविश्वास मोजते आणि आत्मविश्वास दगा देतो. आयसीआयएलएसच्या 2013 च्या फेरीत प्रत्यक्ष चाचणीत मुली सरासरीनं पुढे होत्या, तरी अवघड कामं आपल्याला जमतात असं सांगण्यात मुलगे पुढे होते. सांगण्यावर विश्वास ठेवला असता तर निकाल उलटा लागला असता. वर्षाच्या सुरुवातीला कुणाच्या घरी संगणक आहे, कुणी कीबोर्डला कधी हातच लावलेला नाही, हे जाणून घ्यायला मात्र प्रश्नावली चांगली. तेवढ्यासाठीच ठेवा.

कोडी आणि प्रकल्प

यंत्रं फारच कमी असतील तर बेब्रास या संगणकी विचाराच्या स्पर्धेच्या धर्तीची कोडी हा चांगला आधार आहे. ही स्पर्धा 2004 मध्ये लिथुआनियात वालेंतिना दागिएने यांच्या पुढाकारानं सुरू झाली आणि आता अनेक देशांत होते. बेब्रास म्हणजे तिथल्या भाषेत बीव्हर हा प्राणी. प्रत्येक कोडं साधारण तीन मिनिटांत सुटावं असं बेतलेलं असतं आणि त्याला आधीच्या माहितीची गरज नसते: क्रम लावणं, सर्वांत जवळचा रस्ता शोधणं, खुणांची भाषा उलगडणं. वयोगट वेगवेगळे असतात, त्यामुळे इयत्तांनुसार वापरणं सोपं जातं. पण एक गल्लत करू नका. कोडी विचाराची पद्धत दाखवतात, हाताचं कसब नाही. कोड्यांत पहिली आलेली मुलगी ईमेलला फाइल जोडताना अडू शकते, आणि त्यात तिचा काही दोष नाही.

प्रकल्पाचं पारडं कोड्यांच्या अगदी उलट. वेळ खूप लागतो, पण मुलं जीव ओततात आणि त्यांना काय बांधता येतं ते दिसतं. अडचण अशी की प्रकल्प कुणी केला ते दिसत नाही. स्क्रॅचमध्ये, म्हणजे ब्लॉक जोडून प्रोग्राम बनवायच्या मुलांसाठीच्या भाषेत, दुसऱ्याचा प्रकल्प घेऊन त्यात भर घालणं ही शिकण्याची रीतच आहे. शिवाय आता एआयला सांगून अख्खा प्रोग्राम लिहून घेता येतो. स्क्रॅचचे प्रकल्प आपोआप तपासणारं डॉ. स्क्रॅच हे साधन वेगवेगळ्या बाजूंनी गुण देतं. ढोबळ चित्र बघायला ते ठीक. पण प्रोग्राममध्ये एखादा ब्लॉक असणं वेगळं आणि तो तिथे का आहे हे समजणं वेगळं. स्क्रॅचवर संशोधन करणाऱ्या ब्रेनन आणि रेझनिक यांनी 2012 मध्येच प्रकल्प तपासण्याच्या जोडीला मुलाशी त्याच्याच प्रकल्पाबद्दल बोलण्याचा मार्ग मांडला होता, आणि मला आज तो आधीपेक्षा जास्त गरजेचा वाटतो. पाच मिनिटं पुरतात. 'हा भाग काढून टाकला तर काय होईल?' 'कुठे अडलास? कसा सुटलास?' ज्यानं स्वतः केलंय तो अडलेली जागा सांगताना खुलतो. ही पाच मिनिटं काढता येणार नसतील तर प्रकल्पाला गुण ठेवूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

इयत्तांना जोडणारी शिडी

सर्वांत दुर्लक्षित प्रश्न हा. पाचवीत 80 गुण आणि सातवीत 70 गुण, म्हणजे मूल मागे गेलं का? दोन्ही परीक्षा सर्वस्वी वेगळ्या असतील तर याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. ऑस्ट्रेलियात 2005 पासून सहावी आणि दहावीच्या विद्यार्थ्यांची संगणक-कौशल्याची चाचणी घेतली जाते आणि दोन्ही इयत्ता एकाच मोजपट्टीवर बसवल्या जातात. एवढं मोठं संख्याशास्त्र शाळेला झेपणार नाही, पण त्यातली एक गोष्ट सहज उचलता येते: लागोपाठच्या इयत्तांत काही कामं तीच ठेवायची. पाचवीतलं सर्वांत अवघड काम सहावीत पुन्हा द्यायचं.

शिवाय एकच धागा वर वर नेता येतो. वर्गाच्या सहलीचा विषय घ्या. दुसरीत त्याचं चित्र काढून आपल्या नावानं सेव्ह करायचं. पाचवीत दोन फोटो आणि चार ओळी यांचं एक पान करायचं आणि ते दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडून दाखवायचं. आठवीत खर्चाचा तक्ता, फॉर्म्युल्यासकट, आणि ठिकाणाची माहिती तीन संकेतस्थळांवरून काढून त्यातलं कोणतं भरवशाचं ते कारणासह लिहायचं. दहावीत सहलीचा हिशेब सांभाळणारा छोटा प्रोग्राम, आणि त्यात कुणाची खासगी माहिती उघडी पडत नाही ना याचा विचार. विषय ओळखीचा राहिला की मुलाचं लक्ष कौशल्यावर राहतं.

पहिली ते तिसरीला वेगळी परीक्षा घेऊच नये. संगणकाच्या प्रत्येक तासाला चार मुलांकडे नीट बघून वहीत खूण केली की महिन्याभरात बहुतेक वर्ग पाहून होतो. चौथीपासून प्रात्यक्षिक, सातवीपासून त्याला कोड्यांची जोड, नववी-दहावीला प्रकल्प, त्यावरचं बोलणं आणि कागदावरचा प्रोग्राम. यंत्रं वर्गाच्या निम्मीच असतील तर अर्धी मुलं प्रात्यक्षिकाला, अर्धी कोड्यांना बसवा आणि मग अदलाबदल करा.

पहिल्या वर्षी सहा मुलांचं काम दोन शिक्षकांनी एकमेकांना न विचारता तपासावं. जिथे गुण फार वेगळे पडतील तिथला निकष पुन्हा लिहायचा. 'मांडणी नीटनेटकी आहे' यावर हमखास वाद होतो. 'आकडा बदलल्यावर एकूण बेरीज आपोआप बदलली' यावर होत नाही.