सेल्फ ड्रायव्हिंगचं सबस्क्रिप्शन घ्यावं की विनाड्रायव्हर टॅक्सीने फिरावं?

बे एरियात (कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) नवीन आलेली मित्रमंडळी हे इतक्यांदा विचारतात की एकदाच लिहून टाकतो. गाडीत दर महिन्याचं सेल्फ ड्रायव्हिंगचं सबस्क्रिप्शन घ्यायचं का, की शहरात फिरायला वेमोसारखी विनाड्रायव्हर टॅक्सी बरी, भरवसा कशावर ठेवायचा? तांत्रिक तपशिलात शिरत नाही, एवढंच लक्षात ठेवा: सबस्क्रिप्शन म्हणजे लेव्हल २, गाडी स्वतः चालते पण लक्ष ड्रायव्हरनेच ठेवायचं, आणि टॅक्सी म्हणजे लेव्हल ४, ठरलेल्या भागात ड्रायव्हर लागतच नाही. मी सबस्क्रिप्शन आठ महिने वापरलंय आणि टॅक्सीतही बऱ्याचदा बसलोय, आई-बाबा पुण्याहून आले होते तेव्हा त्यांनाही बसवलंय.

सबस्क्रिप्शन हायवेला छान चालतं, खोटं कशाला बोलू. ऑफिसहून २८० नंबरच्या हायवेने घरी येताना पायाला आराम मिळतो, लेनही अगदी सफाईने बदलते. पण नोव्हेंबरातली गोष्ट, सूर्य डोळ्यांवर, रस्त्याचं काम चालू म्हणून कडेला केशरी ड्रम लावलेले, आणि गाडीने अचानक लाल इशारा देऊन बीप बीप केलं आणि हात वर केले. मी स्टिअरिंग धरेपर्यंत उजवीकडचा आरसा ड्रमला लागून तुटला होता. सर्व्हिस सेंटरला गेलो तर लॉग बघून म्हणाले, ड्रमला लागली तेव्हा सिस्टीम चालू नव्हती, गाडी तुमच्या कंट्रोलमध्ये होती. म्हणजे सेकंदभर आधी गाडी चालवत होती ती आणि ड्रम लागताना चालवत होतो मी! आरशाचे पैसे भरले, त्याचं काही नाही, पण ड्रमच्या जागी तिथे काम करणारा एखादा माणूस असता तरी मला हेच वाक्य ऐकवलं असतं, आणि हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

असं झालेलंही आहे. २०१८ मध्ये ॲरिझोनातल्या टेम्पीत उबरच्या चाचणीच्या सेल्फ ड्रायव्हिंग गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईंना उडवलं, त्यात त्या गेल्या. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही, शिक्षा झाली ती गाडीवर लक्ष ठेवायला आत बसलेल्या ऑपरेटरला. टेस्लाच्या ऑटोपायलट चालू असतानाच्या एका अपघातात मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये मायामीच्या ज्यूरीने ३३ टक्के दोष कंपनीचा धरला आणि सुमारे २४.३ कोटी डॉलर द्यायला सांगितले, पण तो अपघात होता २०१९ चा. इतकी वर्षं कोर्टात कोण टिकणार?

आता टॅक्सी. स्टिअरिंग आपोआप फिरताना बघून आईने पर्स घट्ट धरली होती. मग इर्व्हिंग स्ट्रीटच्या एका सिग्नलला काठी टेकत चाललेले आजोबा अर्ध्या रस्त्यात असतानाच आमचा सिग्नल हिरवा झाला, मागचा हॉर्नवर हॉर्न मारतोय पण ही जागची हलली नाही, आजोबा फुटपाथवर चढले तेव्हाच निघाली. आई म्हणाली, "मागचा एवढा ओरडतोय तरी हिला राग नाही येत?" त्यानंतर पर्स मांडीवर.

टॅक्सीवाल्या कंपन्या धुतल्या तांदळासारख्या आहेत असं अजिबात नाही. २ ऑक्टोबर २०२३ ला सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या गाडीने उडवलेली बाई क्रूझच्या (जनरल मोटर्सची विनाड्रायव्हर टॅक्सीची कंपनी) गाडीसमोर पडली आणि त्या गाडीने कडेला घेताना तिला साधारण २० फूट फरफटत नेलं, वर हे फरफटत नेणं कंपनीने अधिकाऱ्यांना नीट सांगितलंही नाही. संताप येतो वाचून. पण त्याच महिन्यात डीएमव्हीने (कॅलिफोर्नियाचं आरटीओसारखं खातं) परवाना थांबवला, पुढे खोट्या रिपोर्टबद्दल ५ लाख डॉलर दंड झाला आणि २०२४ च्या डिसेंबरात जनरल मोटर्सने रोबोटॅक्सीचा तो धंदाच गुंडाळला. ड्रायव्हरच्या सीटवर कुणी नव्हतंच, त्यामुळे ढकलायचं कुणावर हा प्रश्नच आला नाही. पळवाटा अजून आहेत, सप्टेंबर २०२५ मध्ये सॅन ब्रुनोच्या पोलिसांनी चुकीचा यू-टर्न घेतलेली वेमो अडवली आणि पावती फाडायची कुणाच्या नावाने हेच कळेना. जुलै २०२६ पासून अशा वेळी कंपनीलाच नोटीस देता येईल असा कायदा कॅलिफोर्नियात झालाय, माझ्या मते तो फार उशिरा आला.

रोज ४०-५० मैल हायवे असेल तर तुमचं गणित वेगळं असू शकतं, टॅक्सी तेवढी परवडणारही नाही. मी सबस्क्रिप्शन जानेवारीत बंद केलं, २८० वर स्वतः चालवतो आणि शहरात जायचं असेल तर टॅक्सी. तरी घ्यायचंच असेल तर पहिला महिना भरण्याआधी अटींमधलं ड्रायव्हरच्या जबाबदारीचं पान वाचा, मी ते आरसा तुटल्यावर वाचलं.