आधी तुरटी, मग चुना

आखाडात आमच्याकडं देवीला बोकड असतो. यंदाचा उस्मानाबादी होता, काळाकुळकुळीत, पाठीवर तेल लावल्यासारखी चमक. कातडं न्यायला दरवर्षी एक माणूस येतो आणि चहापाण्यापुरते पैसे टेकवून जातो. यंदा मी म्हटलं, द्यायचं नाही. केसांसकट कमावू आणि आबांच्या खुर्चीवर टाकू. हौस माझीच होती, हे आधीच कबूल करतो.

मोबाईलवर एकाचा व्हिडिओ सापडला. तीन दिवसांत घरच्या घरी केसाळ कातडं, खरवडायची कटकट नाही, आणि नंतर चक्क धुताही येतं! एका कातड्याच्या पावडरीचे १,४५० रुपये, पैसे आधी. पाठवले. दोन किलोची पांढरी पिशवी आली. तिच्यावर ना घटक, ना पत्ता, आत ना बिल. तिथंच थांबायला हवं होतं, पण कातडं मिठात पडलेलं आणि वास सुटायची भीती, म्हणून घाईत आतल्या बाजूला पावडर चोळली, गुंडाळी केली, तीन दिवसांनी फळीवर खिळे ठोकून ताणून वाळवलं.

आणि खरं सांगतो, दिसायला झकास झालं. आठ दिवस येणारा-जाणारा त्यावर हात फिरवून जायचा. मी त्या विक्रेत्याला पाच तारेसुद्धा देऊन टाकले.

नवव्या दिवशी आबांच्या हातून तांब्या सांडला. ओला भाग आतून बुळबुळीत झाला आणि वाळल्यावर पत्र्यासारखा ताठ. त्यातच झड लागली. मिठानं हवेतली ओल ओढून घेतली आणि अख्खं कातडं दमट होऊन घाण मारू लागलं. फोन केला तर माणूस गोड बोलला. "दादा, तुमचं चोळणं कमी पडलं. मऊ करायची दुसरी पावडर पाठवतो, पाण्यात कालवून तीन दिवस बुडवून ठेवा." आणखी ६०० रुपये. तेही दिले.

दुसऱ्या दिवशी कातडं उचललं तर मुठीत केस आले. नुसते हात लावला की येत होते, भिजलेल्या लोकरीसारखे. आई बादलीजवळ आली, वास घेतला, आत गेली आणि चिमूटभर हळद आणून त्या पाण्यात टाकली. पाणी लालभडक. "चुना हाय हा," ती म्हणाली. हळदीचं कुंकू कसं करतात ते तिला माहीत होतं, मला नव्हतं.

कातड्यावरचे केस काढायचे असतील तर ते चुन्यात टाकतात. केसांची मुळं सुटावीत म्हणूनच चुना असतो. म्हणजे केस राखायचे म्हणून मी केस काढायचं औषध विकत घेतलं. चुना लावणं म्हणजे काय ते असं शब्दशः कळलं.

शेजारच्या गावात ढोर समाजातले एक म्हातारे बाबा आहेत, तरुणपणी कातडी कमावायचे. पहिल्या पिशवीत उरलेली पावडर त्यांच्यापुढं ठेवली. बोटानं चोळून म्हणाले, "तुरटी न् मीठ. आरं, ह्ये कमावलंच न्हाय, नुसतं वाळवलंय."

तुरटी-मीठ ही फसवी गोष्ट नाही, हे त्यांनीच सांगितलं. केसाळ कातड्याला ती पूर्वीपासून वापरतात, पण त्याआधी आतलं मांस-चरबी रापीनं पूर्ण खरवडावं लागतं, नाहीतर आत काही मुरत नाही आणि केसांच्या मुळाशी कुजणं सुरू होतं. कातडं अर्धवट वाळलं की फळीच्या कडेवर ओढून-ओढून मऊ करायचं, हे काम कुठलीच पावडर करत नाही. आणि एवढं करूनही तुरटीचं कातडं धुवायचं नाही, पाण्याबरोबर तुरटी निघून जाते आणि कातडं पुन्हा कच्चं होतं. बाभळीची साल किंवा हिरड्यानं कमावलेल्याची गोष्ट वेगळी, पण त्याला तीन दिवस पुरत नाहीत. तेव्हा "खरवडू नका" आणि "धुता येतं" ही दोन वाक्यं जिथं एकत्र दिसतील तिथं पैसे पाठवू नका. तयार कातडं घेत असाल तर पोटाकडचे केस ओढून बघा आणि एक कोपरा भिजवून वाळवायला सांगा. वाळल्यावर चोळून मऊ झाला तर घ्या. विकणारा नको म्हणाला तर तेच उत्तर समजा.

किराणा दुकानात किलोभर तुरटी शंभराच्या आत मिळते. माझे २,०५० गेले, शिवाय तो बोकडाचा रंग गेला, त्याची हळहळ जास्त. सायबर फसवणुकीच्या १९३० वर तक्रार नोंदवली, ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वरही. पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट होते म्हणून निदान नोंद तरी झाली. पिशवी मात्र मी रागानं जाळली होती, ती ठेवायला हवी होती.

त्या माणसानं नंबर बदलला, पानाचं नावही बदललं. व्हिडिओ तोच आहे. मी तो परत तीनदा बघितला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्या वाळलेल्या कातड्यावर पाण्याचा एक थेंब पडत नाही.