चॉकलेट केकच्या थरांत कस्टर्ड: अंड्याचं की पावडरचं?

केक जमतो, पण मधलं कस्टर्ड कुठलं, यावर आमच्या फोंड्याच्या वहिनी अडल्यात.

पावडर स्वस्त. ती मुळात रंग-वास घातलेलं कॉर्नफ्लॉवरच. उकळी आली की घट्ट होते, बिघडायला फारसा वाव नाही.

अंड्याचं कस्टर्ड नखरेल. ८५ अंशांच्या पुढे गेलं की फाटतं. मंद आचेवर ढवळत राहायचं आणि चमच्याच्या पाठीवर बोटाने ओढलेली रेघ मोडली नाही की लगेच उतरवायचं. चव मात्र याचीच. कोकोचा कडवटपणा बलकच पेलतो.

पावडरचे थर सुबक उभे राहतात, पण शिळे झाले की पाणी सोडतात. आपल्या दमट हवेत दोन्ही फ्रिजमध्येच.

चतुर्थीचे शाकाहारी पाहुणे असतील तर केकही बिनअंड्याचा करून पावडर घ्या. घरचेच चार जण वाटीतून खाणार असतील, तर अंड्याचं.