छोटी तात्त्विक कादंबरी: गाइड घ्यावे, सटीप आवृत्ती घ्यावी, की नुसती कादंबरी?

दादरला महिन्यातून एका रविवारी आमचे वाचनमंडळ भरते. मागच्या बैठकीनंतर पदवीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने मला थांबवून विचारले, ‘सर, कादंबरी ग्रंथालयातून मिळाली आहे. पैसे एकाच पुस्तकापुरते आहेत. गाइड घेऊ की टिपा असलेली महाग आवृत्ती घेऊ?’ तिला फ्रेंच लेखक कामूची ‘द आउटसायडर’ ही कादंबरी नेमलेली होती आणि व्होल्तेअर या अठराव्या शतकातल्या फ्रेंच लेखकाची ‘काँदीद’ ती आवडीने वाचणार होती. तेव्हा मी घाईत एका वाक्याचे उत्तर दिले, ते मला नंतर अपुरे वाटत राहिले. दोन्ही कादंबऱ्या छोट्या आहेत आणि दोन्ही तात्त्विक म्हटल्या जातात. पण त्यांना लागणारी मदत अगदी वेगवेगळी आहे.

प्रथम सारांशाविषयी, कारण बहुतेक गाइडांचा निम्माअधिक भाग त्यानेच व्यापलेला असतो. हजार पानांच्या कादंबरीत पात्रांची गर्दी असते आणि मागचे धागे विसरले जातात, तिथे प्रकरणवार सारांशाचा खरोखर आधार होतो. शंभर-सव्वाशे पानांच्या कादंबरीत ती अडचण येत नाही. बोरिवली ते चर्चगेट अशा तीन-चार दिवसांच्या जाण्यायेण्यात, बसायला जागा मिळाली तर, असे पुस्तक पुरे वाचून होते. तेवढाच वेळ घेऊन गाइड कथानक सांगणार असेल, तर त्यात वेळेची काही बचत होत नाही, आणि मूळ पुस्तक मात्र हातचे जाते. म्हणून छोट्या कादंबरीचे गाइड पारखताना सारांश बाजूला ठेवावा आणि उरलेल्या पानांत काय आहे ते पाहावे.

व्होल्तेअरची ‘काँदीद’ १७५९ साली प्रसिद्ध झाली. तिची प्रकरणे ३० असली तरी ती अगदी आटोपशीर आहेत. इथे वाचकाचे अडते ते माहितीपाशी. हे जग सर्व शक्य जगांत उत्तम आहे, असे पुन्हा पुन्हा सांगणारा गुरू कोणाची खिल्ली उडवण्यासाठी रचला आहे, हे तसे मत मांडणाऱ्या लायब्नित्स या जर्मन तत्त्वज्ञाचे नाव ऐकल्याशिवाय कळत नाही. लिस्बनचा भूकंप १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी झाला, हे ठाऊक नसेल तर कादंबरीतला भूकंप म्हणजे नायकावर कोसळलेले आणखी एक संकट, एवढेच वाटते. तेविसाव्या प्रकरणात इंग्लंडच्या किनाऱ्यावर एका नौसेनापतीला डोळ्यांवर पट्टी बांधून गोळ्या घातल्या जातात आणि इतरांना हुरूप यावा म्हणून अधूनमधून असे करणे या देशात चांगले समजतात, असे कारण दिले जाते. नव्या वाचकाला ही लेखकाची अतिशयोक्ती वाटते. प्रत्यक्षात मिनोर्का बेट गमावल्याच्या प्रकरणात ॲडमिरल जॉन बिंग यांना मार्च १७५७ मध्ये खरोखरच असा मृत्युदंड झाला होता. कादंबरीत त्यांचे नाव नाही. ते टिपेत मिळते. अशी टीप वाचल्यावर त्या पानावरचे हसू थिजते, आणि लेखकाला नेमके तेच हवे आहे.

या पुस्तकाला परीक्षेचे गाइड आणि सटीप आवृत्ती शेजारी ठेवून पाहिली, तर माझे मत सरळ सटीप आवृत्तीच्या बाजूने आहे. गाइड ‘आशावादावरील उपरोध’ असा मथळा देऊन पुढे जाते, तर सटीप आवृत्ती ज्या ओळीपाशी वाचक अडतो तिथेच, पानाच्या तळाशी, दोन वाक्यांत त्याला सोडवते. रशियन लेखक दस्तयेव्हस्कीच्या ‘नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड’ या १८६४ सालच्या छोट्या कादंबरीचेही असेच आहे. तिचा निवेदक ज्या विचारांशी भांडतो ते चेर्निशेव्हस्की या दुसऱ्या रशियन लेखकाच्या आदल्याच वर्षी आलेल्या कादंबरीतले आहेत. ही माहिती आधी घेतल्याने वाचनातले काही बिघडत नाही.

कामूच्या १९४२ सालच्या कादंबरीत मात्र सारे उलटते. ‘द आउटसायडर’ आणि ‘द स्ट्रेंजर’ अशा दोन इंग्रजी नावांनी आपल्याकडे ती मिळते. तिच्यात माहितीची अडचण फारशी नाही; निवेदक कारणे देत नाही, ही खरी अडचण आहे, आणि ती लेखकाने जाणूनबुजून ठेवली आहे. किंग्ज सर्कलच्या पदपथावरून मी एकदा या कादंबरीचे जुने गाइड घेतले होते. त्यात ‘सूर्य: उदासीन विश्वाचे प्रतीक’ या ओळीखाली आधीच्या मालकाने पेन्सिलीने तीन रेघा ओढल्या होत्या. ते वाक्य चूक आहे असे मी म्हणणार नाही. पण कादंबरीतले ते पान उघडले की भुवयांत साचलेला घाम पापण्यांवर उतरतो, कपाळ ठणकते, आणि आईला पुरले त्या दिवशीचाच हा सूर्य आहे, असे निवेदक सांगतो. त्यानंतर त्याच्या हातून एका माणसावर एक गोळी सुटते आणि मग आणखी चार. न्यायालयात तो सूर्यामुळे असे झाले म्हणतो, तेव्हा लोक हसतात. प्रतीकाचा अर्थ आधीच पाठ असलेल्या वाचकाला ना तो घाम जाणवतो, ना ते हसणे टोचते.

अशा गाइडांची दुसरी उणीव मला अधिक महत्त्वाची वाटते. आई वारल्याचे सांगणाऱ्या पहिल्याच वाक्यातल्या ‘मामाँ’ या आईसाठीच्या घरगुती फ्रेंच शब्दावर इंग्रजी गाइडे बराच खल करतात, कारण १९४६ च्या इंग्रजी अनुवादात ‘मदर’ होते आणि १९८८ च्या अनुवादात मूळ शब्द तसाच ठेवला गेला. मराठी वाचकाला तो प्रश्न जवळजवळ पडतच नाही. आपली ‘आई’ औपचारिक प्रसंगीही आईच असते. आपला प्रश्न क्रियापदाचा आहे. आई ‘गेली’ म्हटले की शोक आपोआप आत येतो, ‘वारली’ म्हटले की कार्यालयातला रजेचा अर्ज आठवतो, आणि ‘मेली’ असे कोणी म्हणत नाही. यांपैकी कोणता शब्द या माणसाच्या तोंडी शोभेल, याचा विचार करताच त्याच्या स्वभावाशी आपण थेट येऊन भिडतो. ज्या घरांत सुतक पाळले जाते, त्या घरांतल्या वाचकाला शवपेटीशेजारी घेतलेली दूध घातलेली कॉफी आणि ओढलेली सिगारेट किती खुपेल, हेही इंग्रजी गाइडाच्या हिशेबात नसते. सरकारी वकील याच गोष्टींवर पुरावा म्हणून जोर देतो, आणि तो पुरावा आपल्याला क्षणभर पटतो. तसे पटणे आणि मग त्याची लाज वाटणे हा या कादंबरीचा गाभा आहे, आणि तो स्वतः वाचल्यावाचून मिळत नाही.

तरीही या कादंबरीच्या गाइडाचा उपयोग आहे, तो दुसऱ्या वाचनाच्या वेळी. कामूचा ग्रीक पुराणातल्या सिसिफसवरचा निबंधही १९४२ चाच आहे, आणि ‘ॲब्सर्ड’, म्हणजे माणसाने अर्थ शोधावा आणि जगाने तो देऊ नये या विसंगतीची कल्पना, त्यात कशी मांडली आहे ते चांगले गाइड चार पानांत नीट समजावते. विद्यापीठाचे प्रश्न कोणत्या वळणाचे असतात तेही त्यातून कळते. ज्याची परीक्षा महिन्यावर आली आहे त्याने याला कमी लेखू नये. इंटरनेटवरची फुकट मार्गदर्शिका आणि छापील गाइड यांत या कामापुरता मला मोठा फरक दिसलेला नाही.

म्हणून त्या विद्यार्थिनीला मी आता असे सांगेन. ‘काँदीद’ची सटीप आवृत्ती ग्रंथालयात बसून वाचावी, कारण तिच्या टिपा एकदा कळल्या की लक्षात राहतात. कामूचे गाइड विकत घेऊ नये, वाचनालयात चाळावे. आणि आहेत ते पैसे कामूच्या कादंबरीची स्वतःची साधी प्रत घेण्यात घालावे, कारण ग्रंथालयाच्या प्रतीवर पेन्सिल लावता येत नाही. पहिल्या वाचनात जिथे जिथे ‘हा असे का वागतो?’ असे वाटेल तिथे समासात फक्त प्रश्नचिन्ह करावे. परीक्षेच्या पंधरा दिवस आधी गाइड शेजारी उघडून त्या प्रश्नचिन्हांपैकी किती सुटतात ते पाहावे, आणि जी सुटणार नाहीत ती घेऊन पुढच्या रविवारी बैठकीला यावे.