आपत्कालीन विभागातील रुग्णसुरक्षा: इन्सिडंट फॉर्म की ट्रिगर टूल?

आपल्या आपत्कालीन विभागात रुग्णांना उपचारांतून किती इजा होते हे तपासायचे ठरले की दोन मार्ग समोर येतात: चूक किंवा इजा घडल्यावर कर्मचाऱ्यांनी स्वतःहून भरलेले इन्सिडंट फॉर्म मोजायचे, किंवा ट्रिगर टूल, म्हणजे इजेकडे बोट दाखवणाऱ्या ठरावीक खुणांची यादी, घेऊन जुने केसपेपर तपासायचे. मी दोन्ही वापरले आहेत.

फॉर्मची एक बाजू नाकारता येणार नाही. सारख्या दिसणाऱ्या दोन ॲम्प्युलपैकी चुकीची हातात आली आणि वेळीच बाजूला ठेवली गेली, तर त्याची खूण केसपेपरात कुठेच राहत नाही. ते फॉर्ममधूनच कळते.

माझे घोडे अडले ते एकाच ठिकाणी. ज्या रात्री विभागात पाय ठेवायला जागा नसे आणि स्ट्रेचर पॅसेजमध्ये लागलेले असत, त्या रात्रीचा फॉर्मचा ट्रे सकाळी रिकामा सापडे. शांत आठवड्यात मात्र गोळी दहा मिनिटे उशिरा दिल्याचेही फॉर्म येत. महिन्याच्या बैठकीत आकडा उतरला की सगळे समाधानी होत, पण तो सुरक्षितता वाढल्यामुळे उतरला की लिहायला कुणाला फुरसतच नव्हती म्हणून, हे मला कधीच सांगता आले नाही. त्यातून बहुतेक फॉर्म सिस्टरच लिहीत, तेही पाळी संपल्यावर. डॉक्टरांचे फॉर्म बोटांवर मोजण्याइतके.

ट्रिगर टूलमध्ये कुणाच्या फुरसतीवर काही अवलंबून नसते. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट फॉर हेल्थकेअर इम्प्रूव्हमेंटच्या पद्धतीत दर पंधरवड्याला चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेले 10 केसपेपर दोन परीक्षक स्वतंत्रपणे पाहतात, प्रत्येकाला 20 मिनिटांपेक्षा जास्त वेळ देत नाहीत, आणि अंतिम निर्णय डॉक्टर देतो. रुग्ण 48 तासांत विभागात परत आला, 6 तासांहून अधिक वेळ तिथेच राहिला किंवा त्याला नॅलॉक्सोन (मॉर्फिनसारख्या औषधांवरचा उतारा) द्यावे लागले, की परीक्षक तिथे थांबून बारकाईने वाचतो. अशाच एका केसपेपरात मॉर्फिनच्या दुसऱ्या डोसनंतर नॅलॉक्सोनची नोंद होती आणि खाली एवढेच लिहिले होते, ‘रुग्ण जागा, बोलतो’. त्या रात्रीचा एकही फॉर्म नव्हता. अमेरिकेतील 3 रुग्णालयांच्या 795 नोंदींवरील, 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही या पद्धतीने इतर पद्धतींच्या किमान दहापट इजा शोधल्या होत्या, त्यामुळे मला फारसे आश्चर्य वाटले नाही.

उणिवा आहेतच. मूळ नियमानुसार किमान 24 तास दाखल राहिलेल्यांचेच केसपेपर घेतले जातात. आम्ही तपासून घरी पाठवलेल्यांचेही घेतले, कारण विभागातून जाणारे बरेचसे रुग्ण घरीच जातात. निदान हुकल्यामुळे किंवा उपचार राहून गेल्यामुळे झालेली इजाही ही पद्धत सहसा मोजत नाही, आणि आपत्कालीन विभागात ही उणीव बोचते. दोन अनुभवी परीक्षकांना नियमित मोकळे करणे शक्य नसेल, तर कदाचित तुम्हाला फॉर्मच बरे पडतील.

आम्ही फॉर्म बंद केलेले नाहीत. बैठकीत आता त्यांचा आकडा सांगत नाही. आलेले दोन-चार फॉर्म पूर्ण वाचून दाखवतो.