गोमाच्या खोलीत मान वर करताना: 'ओकरिना ऑफ टाइम' निन्टेंडो ६४ची की थ्रीडीएसची?

निन्टेंडोच्या 'झेल्डा' या गेममालिकेतली 'ओकरिना ऑफ टाइम' पहिल्यांदाच खेळायची असेल, तर १९९८ची, टीव्हीला जोडायच्या निन्टेंडो ६४ यंत्रावरची मूळ आवृत्ती घ्यावी की २०११ची, थ्रीडीएस या हातात धरायच्या यंत्रावरची? मला हा प्रश्न कुणी विचारला की मी पूर्ण गेमबद्दल बोलत बसत नाही. एका खोलीबद्दल बोलतो. डेकू वृक्ष या बोलणाऱ्या प्रचंड झाडाच्या पोटातली सगळ्यात खालची खोली, आणि तिथे बसलेली गेममधली पहिली बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटची मोठी शत्रू, गोमा. दोन्ही आवृत्त्यांमधला खरा फरक त्या खोलीत पहिल्या मिनिटभरातच कळतो. (ती कशी हरते हेही पुढे येणार आहे. स्वतः शोधायचं असेल तर 'लढाई' हा शब्द आला की तो परिच्छेद सोडून द्या.)

नाव वाचून आपल्याला गोम आठवते, पण ही शंभर पायांची नाही. कोळी आणि खेकडा यांच्या मधलं काहीतरी अंग, पाठीवर कवच आणि मधोमध एकच मोठा डोळा. इंग्रजी आवृत्तीत तिच्या नावाबरोबर 'परजीवी कवचधारी कोळी' अशा अर्थाची ओळ झळकते. १९८६च्या पहिल्या 'झेल्डा'तही गोमा होती. तिथे ती खेकड्यासारखी समोर सरकायची आणि डोळा उघडला की त्यात बाण मारायचा. त्या गेममध्ये आपण सगळं वरूनच बघत असल्यामुळे 'वर' नावाची दिशाच नव्हती. बारा वर्षांनी मालिका पहिल्यांदा त्रिमितीत आली, आणि करणाऱ्यांनी हीच जुनी शत्रू उचलून छताला चिकटवली. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

खोलीत शिरलं की मागचं दार बंद होतं. समोर खांब, धुकं, अंधार. संगीत नाही. कुठेतरी पाय सरपटल्याचा आवाज येत राहतो. तुम्ही चालता, भिंतीला हात लावून येता, कोपरे बघता. काहीच होत नाही. गेम थांबून राहतो. तुम्ही मान वर करून छताकडे बघेपर्यंत गोमा खाली येतच नाही. वर बघितलंत की अंधारात तो डोळा तुमच्याकडे वळतो. त्याआधी याच डेकू वृक्षात तुम्ही वरच्या मजल्यावरून खाली जाळ्यावर उडी टाकून ते जाळं तोडलेलं असतं. म्हणजे आधी खाली बघायला शिकवलं, मग वर. आता प्रश्न एवढाच, की वर बघायचं कसं. दोन आवृत्त्या वेगळ्या होतात त्या इथे.

निन्टेंडो ६४वर त्यासाठी पिवळ्या सी-बटणांपैकी वरचं दाबायचं, किंवा बेचकी हातात घ्यायची. मग लिंकच्या, म्हणजे आपल्या नायकाच्या, डोळ्यांतून दिसू लागतं आणि स्टिकने नजर फिरवायची. इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण नवा माणूस हमखास अडकतो: नेम धरताना स्टिक उलटी चालते. विमान चालवल्यासारखं, वर बघायला मागे ओढायची. पुढे ढकललीत तर लिंक जमीन बघत बसतो. ही मांडणी बदलायची सोय मूळ गेममध्ये नाही. आज बहुतेक जण ही आवृत्ती निन्टेंडोच्या स्विच या यंत्रावर, ऑनलाइन सदस्यत्वाच्या एक्स्पान्शन पॅकमधून खेळतात. तिथेही उलटेपणा तसाच आहे. त्यात सी-बटणांचं काम उजव्या स्टिककडे दिलेलं असल्यामुळे पहिला तासभर बोटं चुकतात.

थ्रीडीएसवर मात्र यंत्रच हलवायचं. बेचकी ताणली की हातातला डबा ज्या दिशेला न्याल तिकडे नेम जातो. माझी भाची नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा त्या खोलीत गेली तेव्हा पलंगावर मांडी घालून बसली होती. दोन-तीन चकरा मारल्यावर आवाज वरून येतोय असं तिला वाटलं. मग तिने दोन्ही हातांनी थ्रीडीएस हळूहळू डोक्यावर नेला, मानही मागे गेली, आणि एका क्षणी ती स्क्रीनच्या कडेवरून घरातल्या पंख्याकडेच बघत होती. "मामा, वर आहे ती!" एवढं म्हणून तिने डबा पोटाशी घट्ट धरला. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. या एका कृतीसाठी थ्रीडीएसची आवृत्ती मला मूळ आवृत्तीपेक्षाही खरी वाटते.

पण त्याच ठिकाणी तिची एक अडचणही आहे. चष्म्याशिवाय दिसणारी त्रिमिती चालू ठेवली, तर जुन्या थ्रीडीएसवर डोळे स्क्रीनच्या बरोबर समोर असावे लागतात. यंत्र हलवून नेम धरायला गेलात की चित्र फाटतं. म्हणजे या यंत्राच्या दोन हौशी एकमेकींच्या आड येतात. नंतर आलेल्या 'न्यू' थ्रीडीएसवर यंत्र डोळ्यांचा माग ठेवतं, तिथे हे बरंच सुधारलं आहे. जुनं यंत्र असेल तर या खोलीपुरती तरी त्रिमिती बंद ठेवा.

अंधाराच्या बाबतीत माझं मत सरळ आहे. मूळ आवृत्ती जिंकते. निन्टेंडो ६४चं चित्र जाडंभरडं, गेम सेकंदाला साधारण २० चित्रांवर चालतो आणि कडा धूसर. पण गोमाच्या खोलीत हीच कमतरता उपयोगी पडते. नीट दिसत नाही म्हणूनच पायांचा आवाज अंगावर येतो. ग्रेझो या कंपनीने थ्रीडीएससाठी सगळं नव्याने रंगवलं, वेग सेकंदाला ३० चित्रांवर नेला, गोमाच्या कवचाचा पोत, डोळ्यातली चमक सगळं स्वच्छ दिसतं. सुंदर काम आहे. मात्र खोली उजळली, आणि उजळलेल्या खोलीत दबकत चालावंसं वाटत नाही. मी मूळ आवृत्ती पहिल्यांदा खेळलो ती मावसभावाकडे, जुन्या काचेच्या टीव्हीवर, आणि दार बंद झाल्यावर बराच वेळ जागचा हललो नव्हतो. थ्रीडीएसवर मला तसं एकदाही झालं नाही.

लढाई दोन्हीकडे तीच. गोमाचा डोळा लाल झाला की बेचकीने त्यात बी मारायची. ती कोसळते, मग धावत जाऊन तलवारीचे घाव. सावरली की भिंतीवरून पुन्हा छताला जाते आणि तीन अंडी टाकते. अंडी टाकण्याआधी डोळ्यात नेम बसला तर छतावरूनच खाली पडते, नाहीतर पिल्लांशी झुंजावं लागतं. ज्याला घाई आहे त्याने तलवारीऐवजी डेकू काठी वापरून बघावी. काठीचा मार तलवारीच्या दुप्पट, उडी मारून हाणली तर आणखी जास्त. एका फटक्यात काठी मोडते, पण तीन-चार जवळ असतील तर गोमाला दुसऱ्यांदा छतावर जायची वेळच येत नाही.

या सगळ्यात शत्रूवर नजर बांधून ठेवायचं बटण सतत लागतं. त्याची कल्पना गेम करणाऱ्यांना क्योतोतल्या, तोएई या चित्रपट कंपनीच्या स्टुडिओ पार्कमध्ये कोयता-साखळीची लढाई बघताना सुचली. साखळीने बांधलेला गडी समोरच्याभोवती गोल फिरतो, तसा लिंक शत्रूभोवती फिरतो. निन्टेंडो ६४च्या कंट्रोलरवर हे बटण खालच्या बाजूला, मधल्या मुठीच्या मागे आहे आणि बंदुकीच्या चापासारखं बोटाखाली येतं. मला तेच सगळ्यात आवडतं. थ्रीडीएसवर ते डाव्या खांद्यावर, स्विचवर डाव्या मागच्या बटणावर. दोन्ही ठीक आहेत.

अडकल्यावर काय, हाही फरक लक्षात घ्या. थ्रीडीएसवर लिंकच्या घराबाहेर एक दगड आहे, तो पुढे काय करायचं याची छोटी दृश्यं दाखवतो. मूळ आवृत्तीत नावी परीचं बोलणं आणि तुमची चिकाटी, बस. थ्रीडीएसवर पुढे लिंकच्या पलंगावर झोपून हरवलेल्या बॉसशी पुन्हा लढता येतं आणि वेळही नोंदली जाते. गेम पूर्ण केल्यावर 'मास्टर क्वेस्ट' उघडतं: सगळं आरशातल्यासारखं उलटं आणि मार दुप्पट. स्विचवर याच्या बदल्यात कुठल्याही क्षणी खेळ गोठवून ठेवता येतो. गोमाच्या दाराबाहेर गोठवून ठेवलात तर हरल्यावर तिथूनच सुरुवात.

आता मिळवायचं कसं. थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ला बंद झालं, त्यामुळे आता कार्ट्रिजच शोधावं लागतं, तेही बहुधा वापरलेलं. थ्रीडीएसला प्रदेशाचं कुलूप आहे: अमेरिकन यंत्रात जपानी किंवा युरोपीय कार्ट्रिज चालत नाही. आपल्याकडे ही यंत्रं बरेचदा परदेशातल्या नातेवाइकांच्या बॅगेतून येतात, म्हणून यंत्र कुठलं ते विचारल्याशिवाय कार्ट्रिज घेऊ नका. सोबत आलेल्या चार्जरवर किती व्होल्ट लिहिलंय तेही वाचा. तिकडचा १२० व्होल्टचा चार्जर आपल्या २३०च्या भिंतीत लावलात तर खेळ सुरू व्हायच्या आधीच संपेल. खरं निन्टेंडो ६४ आणणार असाल तर हीच काळजी घ्या, शिवाय त्याच्या कार्ट्रिजमधला सेव्ह एका छोट्या सेलवर टिकतो. एवढ्या वर्षांनी तो सेल उतरलेला असू शकतो. स्विचला असलं कुलूप नाही. एक्स्पान्शन पॅकचं एकट्याचं सदस्यत्व अमेरिकेत वर्षाला जवळपास ५० डॉलर आहे, आणि त्यात बाकीचेही बरेच जुने गेम येतात.

लहान मुलासाठी, किंवा ज्याने हातात कधी कंट्रोलर धरला नाही त्याच्यासाठी, थ्रीडीएस मिळत असेल तर तोच घ्या, थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. नजर वर नेण्याचा तो पहिला क्षण त्याच्या हातांना आपोआप सुचेल. तुम्ही आधी गेम खेळत आला असाल आणि घरात स्विच असेल, तर विचार करत बसू नका. मूळ आवृत्ती लावा, रात्री दिवे घालवा, आवाज मोठा ठेवा. उलट्या स्टिकची सवय बेचकी मिळण्याआधीच, लिंकच्या कोकिरी गावात नुसतं इकडेतिकडे बघून करून घ्या.

आणि कुठलीही घेतलीत तरी गोमाला संध्याकाळी उशिरा, 'जेवायला या'च्या हाकेच्या तोंडावर भिडू नका. ती मेल्यावर निळ्या प्रकाशात बाहेर याल, तेव्हा डेकू वृक्ष तुमच्याशी बोलणार आहे. त्याला खलनायक गॅनॉनडॉर्फचा शाप लागलेला आहे, गोमा मेली तरी तो वाचत नाही. पाचूचा दगड देतो आणि करडा पडत जातो. भाचीने तेव्हा डबा मिटला नाही, माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "आपण उशिरा गेलो का?"